मेंडोटाची उधारी

२३ जुलै १८५१. मिनेसोटा नदीवर ट्रॅव्हर्स दे सू नावाचा, नदी ओलांडायचा एक जुना उतार आहे. डाकोटा लोकांच्या सिसेटन आणि वाहपेटन या दोन शाखांच्या प्रमुखांनी त्या दिवशी तिथे अमेरिकेच्या सरकारशी तह केला. एक सही एका प्रतीवर, दुसरी दुसऱ्या प्रतीवर. टेबलापासून निघताना त्यांना बाजूच्या एका पिंपाकडे नेलं गेलं. पिंपावर तिसरा कागद होता आणि त्यावरही सह्या घेतल्या गेल्या. आपण तहाच्याच आणखी एका प्रतीवर सही करतो आहोत असं वाटलं होतं, असं अनेक प्रमुखांनी पुढे सांगितलं. त्या कागदात होतं ते असं: व्यापाऱ्यांची आमच्याकडून जी येणी आहेत ती आम्ही मान्य करतो, आणि तहाच्या पैशातून ती भागवली जावीत. कोणाचे किती, याची यादी त्या वेळी वाचून दाखवली गेली नाही.

व्यापाऱ्यांमध्ये सर्वांत मोठं नाव हेन्री हेस्टिंग्ज सिबली याचं होतं. हाच सिबली त्या वेळी मिनेसोटा टेरिटरीचा, म्हणजे अजून राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशाचा, वॉशिंग्टनमधला निवडून दिलेला प्रतिनिधी होता. ज्यांच्याकडून पैसे यायचे होते त्यांचा तह ज्या सरकारशी होत होता, त्या सरकारच्या सभागृहात सिबलीची खुर्ची होती. त्याच्या कारकिर्दीबद्दल बरंच लिहिलं गेलंय. पहिला गव्हर्नर, सेनानी, राज्याचा जनक वगैरे. माझ्या मते ती कारकीर्द समजून घ्यायची तर भाषणं बाजूला ठेवून आधी त्याची उधारीची वही उघडावी लागते.

सिबली १८११ साली डेट्रॉइटला जन्मला. वडील सॉलोमन सिबली नावाजलेले वकील आणि पुढे न्यायाधीश. तेही मिशिगन टेरिटरीचे काँग्रेसमधले प्रतिनिधी होते, म्हणजे टेरिटरी म्हणजे काय, ती वॉशिंग्टनमध्ये कशी चालवायची असते, हे घरातच कानावर पडलेलं. मुलाने वकील व्हावं अशी वडिलांची इच्छा. त्याने दोन वर्षं कायदा वाचला आणि सोडून दिला. १८२८ मध्ये सू सेंट मेरीला छावणीच्या दुकानात कारकून झाला, दुसऱ्या वर्षी मॅकिनॉ बेटावर अमेरिकन फर कंपनीत लागला. १८३४ मध्ये जॉन जेकब ॲस्टर धंद्यातून बाहेर पडला, कंपनीचा उत्तर विभाग रॅम्से क्रूक्सच्या हाती आला आणि तेवीस वर्षांच्या सिबलीला भागीदारी मिळाली. हर्क्युलीस डूसमन आणि जोसेफ रोलेट हे प्रेरी दु शीनचे दोन मुरलेले व्यापारी त्याचे भागीदार. त्याच्या वाट्याला आलं मेंडोटा. मिनेसोटा नदी मिसिसिपीला मिळते ती जागा. समोरच्या उंच कड्यावर फोर्ट स्नेलिंग हा लष्करी किल्ला, आणि पश्चिमेला शेकडो मैल डाकोटांचा मुलूख. डाकोटांसाठी हा संगम आजही पवित्र आहे. सिबलीने तिथे चुनखडीच्या दगडांचं घर बांधलं. ते अजून उभं आहे.

हा धंदा चालायचा कसा हे नीट पाहायला हवं, कारण पुढचं सगळं राजकारण त्यातूनच निघतं.

शिकाऱ्याकडे रोकड नसे. शरद ऋतूत, शिकारीला निघण्याआधी, व्यापारी त्याला माल उधार देई: बंदुकीची दारू, शिसं, लोखंडी सापळे, लोकरीची कांबळी, जाड बनाती कापड, किटल्या, सुऱ्या, तंबाखू. ते त्याच्या नावावर खात्यात चढे. वसंतात तो कातडी घेऊन येई आणि खातं वळतं होई. बीव्हर या पाणप्राण्याच्या कातड्याचा काळ तोवर ओसरला होता. मेंडोटाच्या मुलखात संख्येने सर्वांत जास्त येणारं कातडं मस्करॅटचं. हा दलदलीत गवताची घरं करून राहणारा, मांजरापेक्षा लहान प्राणी. एकेक कातडं अगदी स्वस्त, म्हणून ती हजारोंनी लागत. कातडी दाबून, बांधून सुमारे नव्वद पौंडांचा, म्हणजे चाळीस किलोचा, एकेक गठ्ठा करत. होड्या पाण्याबाहेर काढून जिथे माल पाठीवरून न्यावा लागे, तिथे कपाळाला पट्टा लावून एक माणूस असे दोन गठ्ठे उचलत असे.

इंग्लंडमध्ये विणलेलं कांबळं न्यूयॉर्क, बफेलो, मॅकिनॉ, ग्रीन बे असं करत, फॉक्स आणि विस्कॉन्सिन नद्यांवरून प्रेरी दु शीनला आणि तिथून वर मेंडोटाला पोचे. मालाची मागणी नोंदवल्यापासून त्या मालाच्या बदल्यातली कातडी न्यूयॉर्क किंवा लंडनमध्ये विकली जाईपर्यंत सहज दोन वर्षं जात. तेवढा काळ कोणाचं तरी भांडवल अडकलेलं असे आणि त्यावर व्याज चढत असे. शिकारी सिबलीच्या हाताखालच्या छोट्या व्यापाऱ्याचा ऋणी, तो छोटा व्यापारी सिबलीचा ऋणी, सिबली कंपनीचा. प्रत्येक पायरीवर भाव वाढवलेला.

उधारी बुडायची कशी, तेही ठरलेलं होतं. उन्हाळा कोरडा गेला की दलदलीचं पाणी आटे आणि मस्करॅट नाहीसे होत. ओजिब्वे लोकांशी चकमकी सुरू झाल्या की सरहद्दीच्या तळ्यांवर सापळे लावायला कोणी जात नसे. शिकारी मरे. देवी आणि इतर साथींनी गावंच्या गावं निकामी होत. एखादा परवाना नसलेला व्यापारी व्हिस्कीचं पिंप घेऊन मध्येच उगवे आणि दुसऱ्याच्या उधारीवर मारलेली कातडी उचलून नेई. कायद्याने मूळनिवासींच्या मुलखात दारू नेणं बंद होतं, पण नदीच्या पूर्वेला ती मुबलक मिळे. आणि या सगळ्यावर न्यूयॉर्कचा भाव. तो पडला की शिकाऱ्याने भरपूर कातडी आणूनही खातं उभंच राही. व्यापारी हे सारं गृहीत धरूनच मालाची किंमत लावत. म्हणजे बुडीताचा बराचसा अंदाज विक्रीच्या भावात आधीच बसवलेला असे. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे तहातून वसुली झाली तेव्हा ती त्याच वाढीव भावाने झाली.

सिबलीच्या हाताखालची माणसं एकाहून एक होती. लॅक की पार्लला जोसेफ रेनव्हिल, लेक ट्रॅव्हर्सला जोसेफ आर. ब्राउन, आणि त्या ट्रॅव्हर्स दे सूच्या उतारावरच लुई प्रोव्हेन्साल. प्रोव्हेन्सालला लिहितावाचता येत नव्हतं. तो हिशेब चित्रांत ठेवायचा: गिऱ्हाइकाची खूण म्हणून त्याचं चित्र, आणि दिलेल्या-घेतलेल्या मालाची चित्रं त्याच्या नावासमोर. त्याला ती वही बरोबर वाचता येई, म्हणून धंद्याला ती पुरत होती. या मुलखातल्या लाखो डॉलरच्या ‘कर्जा’चा पाया अशा वह्यांवर उभा होता. कर्जदाराने ती वही स्वतः तपासण्याची सोय कुठेच नव्हती.

सिबली निव्वळ गादीवर बसणारा नव्हता. सहा फुटांहून उंच, पट्टीचा नेमबाज, डाकोटांबरोबर आठवडेच्या आठवडे शिकारीला जाणारा. फ्रेंच बोले, डाकोटाही बऱ्यापैकी येई. न्यूयॉर्कच्या एका खेळ-शिकारीच्या साप्ताहिकात तो ‘हॅल, एक डाकोटा’ या टोपणनावाने लिहायचा. एका डाकोटा स्त्रीपासून त्याला हेलन नावाची मुलगी झाली. १८४३ मध्ये त्याने फोर्ट स्नेलिंगच्या दुकानदाराची बहीण सारा जेन स्टील हिच्याशी लग्न केलं, पण हेलनला त्याने नाकारलं नाही. तिला एका गोऱ्या कुटुंबात ठेवून तिच्या पालनपोषणाचा, शिक्षणाचा भार उचलला. डाकोटांच्या नातेसंबंधांच्या समजुतीप्रमाणे तो त्यांचा नातेवाईक होता, आणि नातेवाइकाने अडीनडीला द्यायचं असतं. उधारी देणाऱ्याकडे ते लोक याही नजरेने पाहत. सिबलीला हे पक्कं माहीत होतं आणि धंद्यात त्याचा त्याला उपयोगही झाला.

१८३७ मध्ये त्याच्यासारख्या सगळ्याच व्यापाऱ्यांना नवा धडा मिळाला. त्या वर्षी डाकोटांनी मिसिसिपीच्या पूर्वेची जमीन सरकारला दिली. त्या तहात व्यापाऱ्यांच्या येण्यांसाठी ९०,००० डॉलर वेगळे काढलेले होते. वर्षानुवर्षं बुडीत म्हणून पडलेली खाती एका झटक्यात जिवंत झाली. कर्ज एकेका शिकाऱ्याचं होतं, त्यातले कित्येक मेलेले. फेड मात्र साऱ्या जमातीच्या जमिनीतून झाली. ज्याने कधी उधार घेतलंच नव्हतं त्याच्याही वाट्याची जमीन त्यात गेली. यानंतर उधारी देताना व्यापाऱ्याला दलदलीतलं पाणी आणि न्यूयॉर्कचा भाव यांची पूर्वीइतकी चिंता राहिली नाही. वसुलीची खरी वेळ म्हणजे पुढचा तह. १८४१ मध्ये विस्कॉन्सिन टेरिटरीचा गव्हर्नर जेम्स डोटी याने असा एक तह केला, सिबलीने तो मंजूर व्हावा म्हणून जोर लावला, पण सिनेटने तो फेटाळला. १८४२ मध्ये अमेरिकन फर कंपनीच बुडाली. सिबलीचे व्यवहार सेंट लुईसच्या पिएर शूटो कंपनीकडे गेले आणि त्याच्या डोक्यावर आता त्या कंपनीचं देणं होतं.

मधल्या काळात त्याने उत्तरेकडे हात पसरला. नॉर्मन किट्सन या भागीदाराला ब्रिटिश सरहद्दीजवळ पेम्बिना इथे बसवलं. तिथून रेड रिव्हरच्या मेटी, म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, लोकांकडची बायसनची कातडी आणि पेमिकन, म्हणजे सुकं मांस कुटून चरबीत मिसळलेलं टिकाऊ अन्न, लाकडी दोनचाकी गाड्यांतून खाली येऊ लागलं. या गाड्यांत लोखंड नावालाही नसे. लाकूड आणि ओल्या चामड्याच्या वाद्या, त्या वाळल्या की सांधे आवळून बसत. आसाला वंगण लावत नसत, कारण वंगणावर माळरानाची धूळ बसून आस झिजून जाई. त्यामुळे त्यांचा किंचाळल्यासारखा आवाज मैलभर आधी ऐकू येई. एका गाडीवर आठशे ते हजार पौंड माल, ओढायला एक बैल. १८४० च्या दशकाच्या मध्यावर मोजक्या गाड्यांनी सुरू झालेला हा मार्ग १८५० च्या दशकाच्या शेवटी शेकडो गाड्यांचा झाला. सेंट पॉल शहराच्या बाजारपेठेला आरंभीचं बळ या व्यापारातून मिळालं.

आता राजकारण. मेंडोटाच्या त्या एकाच घरात राहून सिबली मिशिगन, विस्कॉन्सिन, आयोवा आणि मिनेसोटा अशा चार टेरिटरींचा नागरिक झाला. सरहद्दी त्याच्या अंगणावरून सरकत गेल्या. आयोवाने त्याला जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक न्यायाधिकारी, नेमलं तेव्हा त्याचं कार्यक्षेत्र युरोपातल्या एखाद्या देशाएवढं होतं. मग २९ मे १८४८ रोजी विस्कॉन्सिन राज्य झालं. राज्याची पश्चिम सीमा सेंट क्रॉय नदीवर आखली गेली, त्यामुळे सेंट क्रॉय आणि मिसिसिपी यांच्या मधला पट्टा कोणत्याच राज्यात नाही, कोणत्याच टेरिटरीत नाही असा लोंबकळत राहिला. न्यायालय नाही, जमिनीची नोंद नाही. ऑगस्टमध्ये स्टिलवॉटरला सभा भरली. उरलेला तुकडा म्हणजे अजूनही ‘विस्कॉन्सिन टेरिटरी’च आहे असा युक्तिवाद लढवला गेला. जुन्या टेरिटरीचा सचिव जॉन कॅटलिन स्टिलवॉटरला येऊन राहिला, त्याने हंगामी गव्हर्नर म्हणून निवडणूक पुकारली आणि सिबली प्रतिनिधी म्हणून निवडून आला. गंमत अशी की त्याचं घर त्या पट्ट्यात नव्हतंच. मेंडोटा मिसिसिपीच्या पश्चिमेला आहे.

वॉशिंग्टनमध्ये लोकांना सरहद्दीवरचा कातडी पांघरलेला कोणी रांगडा गडी येईल असं वाटलं होतं. आला तो नीटनेटका, मोजकं बोलणारा, कायदा वाचलेला गृहस्थ. १५ जानेवारी १८४९ रोजी सभागृहाने त्याला बसू दिलं. टेरिटरीच्या प्रतिनिधीला बोलता येतं, समित्यांपुढे मांडता येतं, मत देता येत नाही. म्हणजे त्याचं सारं काम ओळखी, पत्रं आणि सौजन्य यांवर चालतं. सिबली या कामात पारंगत होता; वीस वर्षं उधारीच्या धंद्यात त्याने हेच केलं होतं. सहा-सात आठवड्यांत, ३ मार्च १८४९ रोजी, मिनेसोटा टेरिटरीचा कायदा झाला. सिनेटमध्ये स्टीफन डग्लसच्या मनात राजधानी मेंडोटाला करायचं होतं. तिथे सिबलीचं घर होतं, हितसंबंध होते. तरी त्याने सेंट पॉलचा आग्रह धरला, कारण वस्ती तिकडे होती आणि तसा शब्द दिलेला होता. हे त्याच्या बाजूने ठळकपणे नोंदवायला हवं. नवा गव्हर्नर अलेक्झांडर रॅम्सी मे महिन्यात सहकुटुंब आला तेव्हा सेंट पॉलमध्ये राहण्याजोगं घर मिळेना, म्हणून तो महिनाभर सिबलीकडेच उतरला. दोघांचे पक्ष वेगळे. मैत्री जन्माची झाली.

त्या पहिल्या वर्षी अख्ख्या टेरिटरीत मोजलेली वस्ती पाच हजारांच्या आत होती. शेतकऱ्यांना हवी असलेली जमीन मिसिसिपीच्या पश्चिमेला होती, आणि ती डाकोटांची होती. म्हणून सगळ्यांनाच तह हवा होता. वसाहत करणाऱ्यांना जमिनीसाठी, रॅम्सीला टेरिटरी वाढावी म्हणून, व्यापाऱ्यांना जुन्या खात्यांसाठी. २ ऑगस्ट १८५० रोजी सिबलीने सभागृहात मूळनिवासींविषयीच्या धोरणावर भाषण केलं. या लोकांना कायद्याचं संरक्षण आणि नागरिकाचे हक्क द्या, नाहीतर रक्तरंजित युद्धाला तोंड द्यावं लागेल, असं त्याने सांगितलं. त्या सभागृहात डाकोटांची खरी परिस्थिती त्याच्याइतकी कोणालाच माहीत नव्हती, आणि तो मनापासून बोलत होता याबद्दल मला शंका नाही. वर्षाच्या आत ट्रॅव्हर्स दे सूचा तो पिंपावरचा कागद झाला.

त्या तहाचं गणित मांडून पाहिलं म्हणजे कळतं. एकूण रक्कम १६,६५,००० डॉलर. त्यातले २,७५,००० प्रमुखांना ‘आपले व्यवहार निस्तरण्यासाठी’ आणि स्थलांतरासाठी. ३०,००० शाळा, गिरण्या, शेतीची सुरुवात यांसाठी. उरलेले १३,६०,००० सरकारनेच ठेवून घ्यायचे आणि त्यावर पाच टक्क्यांनी दर साल ६८,००० डॉलर व्याज पन्नास वर्षं द्यायचं. त्या ६८,००० चे पुन्हा भाग: शेतीसुधारणेला १२,०००, शिक्षणाला ६,०००, माल आणि धान्य १०,०००, रोख ४०,०००. पन्नास वर्षं संपली की मुद्दल सरकारचंच. मुद्दल डाकोटांना कधीच मिळायचं नव्हतं. पंधरवड्याने, ५ ऑगस्टला, मेंडोटाला दुसरा तह म्देवाकांतोन आणि वाहपेकुते या शाखांशी झाला: १४,१०,००० डॉलर, त्यातले रोखीने २,२०,०००, आणि ११,६०,००० वर पन्नास वर्षं दर साल ५८,००० व्याज. दोन्ही तह मिळून सुमारे दोन कोटी चाळीस लाख एकर. एकरी तेरा सेंटही पडत नाहीत. तीच सरकारी जमीन वसाहतवाल्याला किमान सव्वा डॉलर एकरी दराने विकली जात होती.

‘आपले व्यवहार निस्तरण्यासाठी’ ही शब्दरचना विचार करून निवडलेली होती. तहात व्यापाऱ्यांच्या कर्जफेडीची तरतूद करू नये असा सिनेटचा १८४३ चा ठराव होता. म्हणून पैसे प्रमुखांच्या हाती देऊन, त्यांनी खुल्या सभेत सांगितलं त्याप्रमाणे वाटायचे, असं तहात लिहिलं आणि वसुलीची सोय तिसऱ्या कागदावर केली. १८५२ मध्ये सिनेटने तहातला डाकोटांना राहण्यासाठी ठेवलेल्या राखीव मुलखाचा भागच गाळला, त्या जमिनीला दहा सेंट एकरी भाव लावला, आणि प्रमुखांनी बदललेल्या तहाला संमती दिली नाही तर काहीच मिळणार नाही असं झालं. तोवर गोरे लोक पश्चिम काठावर घरं बांधू लागले होते.

पैसे वाटायची वेळ आली तेव्हा प्रमुखांनी रॅम्सीला सांगितलं: आमचे पैसे आमच्या हातात द्या, देणं आम्ही बघू. सिसेटनांचा माझाशा, म्हणजे लाल लोखंड, हे सर्वांत ठामपणे म्हणाला. रॅम्सीने त्याला कोठडीत टाकलं. रक्कम व्यापाऱ्यांच्या कागदाप्रमाणे वाटली गेली, आणि मध्यस्थाने त्यातून दहा ते पंधरा टक्के कापून घेतले. सिबलीच्या खात्यावर साठ हजार डॉलरांहून अधिक आले. त्याच्या डोक्यावर कंपनीचं देणं होतं, त्यामुळे यातून तो गबर झाला असं म्हणता येत नाही. पण त्याची जुनी येणी वसूल झाली, आणि लवकरच त्याने हा धंदा आवरला. एका स्पर्धक व्यापाऱ्याच्या तक्रारीवरून रॅम्सीची सिनेटने चौकशी केली आणि १८५४ मध्ये त्याला निर्दोष ठरवलं.

पुढची चार वर्षं भराभर सांगतो. वस्ती १८५७ पर्यंत दीड लाखावर गेली. व्यापारी मंडळी विधिमंडळात होतीच. किट्सन आणि धाकटा जो रोलेट पेम्बिनाहून हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाडीने दोन आठवड्यांहून जास्त प्रवास करून अधिवेशनाला येत. १८५७ मध्ये राजधानी सेंट पीटरला हलवायचं विधेयक मंजूर झालं तेव्हा ते रोलेटच्या समितीकडे होतं. तो विधेयकासकट गायब झाला, सभागृह १२३ तास बसून राहिलं, राजधानी सेंट पॉललाच राहिली. त्याच वर्षी घटना लिहायला जमलेले डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन एकमेकांच्या शेजारी बसायला तयार होईनात. डेमोक्रॅटांच्या परिषदेचा अध्यक्ष सिबली. शेवटी एकच मजकूर दोन वेगवेगळ्या प्रतींवर लिहून दोन्ही बाजूंनी आपापल्या प्रतीवर सह्या केल्या, आणि नकलांच्या गडबडीत दोहोंत शब्द-विरामांचे तीनशेहून जास्त फरक राहिले. गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत सिबलीने रॅम्सीला २४० मतांनी हरवलं. ११ मे १८५८ ला राज्य झालं. राज्याच्या मुद्रेवर नांगर धरलेला शेतकरी आणि घोड्यावरून दूर जाणारा मूळनिवासी होता. ‘उत्तरेचा तारा’ हे फ्रेंच ब्रीद सिबलीने सुचवलेलं. ती मुद्रा २०२४ मध्ये बदलली.

गव्हर्नर म्हणून त्याची खरी परीक्षा रेल्वेने घेतली. राज्याने रेल्वे कंपन्यांना पन्नास लाख डॉलरांपर्यंतचे रोखे देण्याची घटनादुरुस्ती मतदानाने झाली होती. सिबली म्हणाला, कंपन्यांनी बदल्यात जे तारण द्यायचं आहे त्यावर राज्याचा पहिला हक्क हवा, त्याशिवाय मी रोखे देणार नाही. कर्ज देताना तारणाची पायरी पाहणं हे त्याच्या हाडीमांसी भिनलेलं. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला रोखे द्यायला लावले. २२,७५,००० डॉलरांचे रोखे गेले, एक मैलही गाडी धावली नाही, कंपन्या बुडाल्या आणि राज्याने देणं नाकारलं.

मग १८६२. डाकोटा आता मिनेसोटा नदीकाठच्या अरुंद पट्ट्यात होते. त्याचाही उत्तरेकडचा अर्धा भाग १८५८ च्या तहाने गेला होता आणि सिनेटने त्याला एकरी तीस सेंट भाव ठरवला होता. पीक बुडालेलं, शिकार संपलेली. वार्षिक रक्कम उन्हाळ्याच्या सुरुवातीला यायची. यादवी युद्धाच्या धामधुमीत, सोनं द्यायचं की कागदी नोटा याच्या घोळात ती अडकली. व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली. अँड्र्यू मायरिक नावाचा व्यापारी म्हणाला, भूक लागली असेल तर गवत खा. १८ ऑगस्टला युद्ध पेटलं. मायरिक पहिल्याच दिवशी मेला, आणि त्याच्या तोंडात गवत कोंबलेलं सापडलं. त्याच दिवशी ७१,००० डॉलरांचं सोनं फोर्ट रिजलीला पोचलं.

शेकडो वसाहतवाले, बायका-मुलांसकट, मारले गेले. रॅम्सी आता राज्याचा गव्हर्नर होता. त्याने दुसऱ्याच दिवशी सिबलीला कर्नल नेमलं, कारण डाकोटांना त्याच्याइतकं ओळखणारं कोणी नव्हतं. शिबंदी नवखी, काडतुसं बंदुकांना न जुळणारी. तो सावकाश पुढे सरकला आणि वर्तमानपत्रांनी त्याला धारेवर धरलं. बर्च कूलीच्या लढाईनंतर त्याने रणभूमीवर एका काठीला चिठ्ठी लावून ठेवली: लिटल क्रोला काही म्हणायचं असेल तर कळवावं. लिटल क्रो, म्हणजे ताओयातेदुता, मेंडोटाच्या तहावर सही करणारा प्रमुख. त्याचं उत्तर आलं. युद्ध का झालं याची कारणं त्यात एकेका नावानिशी होती: सरकारी एजंट गॅलब्रेथ, पैसे वेळेवर नाहीत, मुलं भुकेने मरतात. आणि मग व्यापारी. मायरिकचं गवत. फोर्ब्ज, जो म्हणाला की तुम्ही पुरुष नाही. रॉबर्ट, ज्याने आमचे पैसे लाटायचा डाव रचला. यातला विल्यम फोर्ब्ज मेंडोटाला सिबलीच्याच पेढीवर कारकून होता, धंदा तिथेच शिकला. सिबलीने मागणी केली ती कैद्यांच्या सुटकेची. पत्रातल्या कारणांबद्दल त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

२३ सप्टेंबरला वूड लेकला डाकोटांचा पराभव झाला, तीन दिवसांनी २६९ कैदी सुटले. युद्धाला विरोध असलेल्या डाकोटांनीच त्यांना सांभाळून ठेवलं होतं. मग सिबलीने लष्करी आयोग नेमला. ३९२ जणांवर खटले, काही अवघ्या काही मिनिटांचे, बचावाला वकील नाही, आणि ३०३ जणांना मृत्युदंड. दोन वर्षं कायदा वाचलेल्या माणसाच्या सहीने हे कागद पुढे गेले. लिंकनने यादी तपासून घेतली आणि बहुतेकांची नावं काढली. २६ डिसेंबर १८६२ ला मँकाटोमध्ये ३८ जणांना एकाच वेळी फाशी दिलं. सोळाशेच्या आसपास डाकोटा, त्यात बहुतेक बायका, मुलं, म्हातारे, फोर्ट स्नेलिंगच्या पायथ्याशी कुंपणात हिवाळाभर ठेवले गेले आणि त्यातले पुष्कळ मेले. ती जागा मेंडोटाच्या घरासमोर नदीपलीकडे आहे. सिबली त्याच वर्षी ते घर सोडून सेंट पॉलला राहायला गेला.

१८५० च्या भाषणात दिलेला इशारा खरा ठरला आणि तो अमलात आणायला, शिक्षा द्यायला तोच माणूस उभा होता. त्याला दुष्ट ठरवून मोकळं होणं सोपं आहे, आणि काळाचं अपत्य म्हणून सोडून देणंही तितकंच सोपं. मला या दोन्हींपेक्षा त्याची माहिती महत्त्वाची वाटते. त्याला सगळं माहीत होतं: उधारीचे भाव कसे लागतात, सही कशावर घेतली जाते, भूक कुठून येते. इतकी माहिती असलेल्या माणसाची जबाबदारी इतरांइतकीच मोजता येणार नाही. मेंडोटा हाइट्समधल्या त्याच्या नावाच्या हायस्कूलचं नाव २०२१ मध्ये बदललं तेव्हा बरीच हळहळ व्यक्त झाली. मला तो निर्णय योग्य वाटतो.

१८७१ मध्ये, साठीला पोचलेला सिबली पुन्हा विधिमंडळात होता. त्याने तिथे मुख्यतः एकच विषय लावून धरला: त्या बुडीत रेल्वे रोख्यांचं देणं राज्याने फेडलंच पाहिजे. राज्याने सही केली आहे, ती नाकारणं ही बेअब्रू आहे, असं तो सांगत राहिला, आणि पुढची दहा वर्षं या मताचा पाठपुरावा झाला. १८८१ मध्ये रोखेधारकांना निम्म्या रकमेवर तडजोडीने पैसे मिळाले. डाकोटांच्या दोन तहांचं पन्नास वर्षांचं व्याज १८५२ पासून सुरू झालं होतं. फेब्रुवारी १८६३ मध्ये काँग्रेसने कायदा करून ते तह रद्द केले, आणि युद्ध केलेल्यांबरोबरच न केलेल्यांचंही व्याज थांबलं. वर्षाला १,२६,००० डॉलर, एकोणचाळीस वर्षांचे बाकी होते.